बर्फावर टाकायचं मीठ साठवताना आधी पाणी कुठून येतं ते बघा

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. एका संस्थेचं आवार साधारण २,५०० चौरस मीटर. त्यात पार्किंग, दोन उतार, पायऱ्या आणि दारापर्यंतच्या पायवाटा. मागच्या हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून त्यावर टाकायला आणलेलं सुटं मीठ उरलं, ते उन्हाळाभर बाहेर ताडपत्रीखाली होतं आणि आता त्याचा दगड झाला आहे. यंदा ५ टन एकदम घ्यायचा विचार आहे. ते कुठे ठेवावं, जुन्याचं काय करावं, आणि ताडपत्री पुरते की शेडच लागते?

ताडपत्रीचं आधी सांगतो. ताडपत्री पुरते. तुमची पुरली नाही, कारण बहुतेक वेळा पाणी वरून येतच नाही. ते खालून येतं. ढीग मातीवर, पेव्हर ब्लॉकवर किंवा डांबराच्या खोलगट जागी असतो. आजूबाजूचं पावसाचं पाणी वाहत येऊन त्याच्या बुडाशी थांबतं आणि मीठ ते वातीसारखं वर ओढून घेतं. वरची ताडपत्री मग ओल अडवत नाही, कोंडून ठेवते. मी आजवर जितके दगड झालेले ढीग पाहिले, त्यातले बरेचसे वरून कोरडे आणि बुडाशी चिखल झालेले होते. तुमचाही फोडून बघा, कळेल.

मीठ घट्ट का होतं, हे एकदा समजलं की पुढचे निम्मे निर्णय आपोआप होतात. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढू लागतं. दमट दिवसांत बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं, तेच इथे टनांनी होतं. खड्याच्या अंगावर खाऱ्या पाण्याचा पातळ थर येतो. दुपारी हवा कोरडी झाली की ते पाणी उडतं आणि त्यातलं मीठ दोन खड्यांच्या मधल्या फटीत जमतं, म्हणजे खडे एकमेकांना सांधले जातात. रात्री पुन्हा ओल, दिवसा पुन्हा कोरडं. उन्हाळा-पावसाळ्यात असे शेकडो फेरे झाले की फावडं आत शिरत नाही. तापमान शून्याखाली गेल्यावर आणखी एक गोष्ट घडते. ओल्या मिठातलं पाणी धरून मिठाचे वेगळ्या जातीचे स्फटिक तयार होतात आणि ढीग जास्तच आवळला जातो. संध्याकाळी भुसभुशीत वाटलेलं ओलसर मीठ पहाटे फोडावं लागतं ते यामुळे. अगदी कोरड्या मिठाला मात्र थंडी बाधत नाही. ते उबेत ठेवायची काही गरज नाही.

याचा अर्थ मीठ पापडासारखं खडखडीत वाळवायचं, असाही नाही. फार कोरडं मीठ पसरताना वाऱ्याने उडतं, फरशीवरून टणाटण उसळून कडेला जातं. सुट्या मिठात २ ते ४ टक्के ओल चांगली. मुठीत दाबलं तर जरासं धरतं आणि बोट लावलं की सुटतं, इतपत.

पुरवठादाराकडून येणाऱ्या मिठात बहुधा गोळे न होण्यासाठी सोडियम फेरोसायनाइड घातलेलं असतं, तेही दशलक्ष भागांत अगदी थोडे भाग इतकंच. नाव वाचून माणसं दचकतात. त्यातलं सायनाइड लोखंडाशी घट्ट बांधलेलं असतं आणि हाच पदार्थ खाण्याच्या मिठातही चालतो. पण दोन गोष्टी पाळा. मिठाशेजारी कुठलंही ॲसिड ठेवू नका. आणि ढिगातून झिरपलेलं पाणी तळ्यात, ओढ्यात जाऊ देऊ नका, कारण उघड्या पाण्यात सूर्यप्रकाशाने हे बंध हळूहळू तुटतात. या पदार्थाने गोळे व्हायला वेळ लागतो एवढंच. बुडाशी पाणी असेल तर त्याचाही उपयोग नाही.

आता ५ टनांकडे येऊ. इथे मला तुमचा हात थोडा धरावासा वाटतो. दंव पडण्याच्या आधी टाकायचं असेल तर चौरस मीटरला १० ग्रॅम पुरतात, बर्फाचा पातळ थर धरला असेल तर २० ग्रॅम, हिमवर्षाव असेल तर ४० पर्यंत. तुमच्या २,५०० चौरस मीटरला २० ग्रॅमने एका फेरीला ५० किलो लागतात. ४० फेऱ्या धरल्या तरी २ टन. २० ग्रॅम म्हणजे मोठा चमचाभर मीठ, एका चौरस मीटरवर. हे लोकांना खरं वाटत नाही. फावड्याने भिरकावणारा माणूस सहज याच्या तिप्पट टाकतो आणि मग हिवाळ्याच्या मध्यावर साठा संपतो. मी म्हणेन, ५ टनांतले २ टन कमी करा आणि त्या पैशात हाताने ढकलायचा स्प्रेडर, म्हणजे मीठ सारखं पसरणारी गाडी, घ्या. साठवणीचा निम्मा त्रास त्यानेच कमी होईल. जे मीठ घेतलंच नाही, ते दगड होत नाही.

पण फार हात आखडूनही चालत नाही. २००९-१० च्या हिवाळ्यात ब्रिटनमध्ये मीठ कमी पडलं आणि कोणाला किती द्यायचं हे सरकारी पातळीवर ठरवावं लागलं. त्यानंतर डेव्हिड क्वार्म्बी यांच्या अध्यक्षतेखाली झालेल्या आढाव्यात रस्ते सांभाळणाऱ्या संस्थांनी हंगामाच्या सुरुवातीला १२ दिवस किंवा ४८ फेऱ्या पुरेल इतका साठा हाताशी ठेवावा, अशी शिफारस झाली. तुमच्या आवारालाही हे माप वाईट नाही. ४८ फेऱ्यांचे होतात २.४ टन. वर थोडं धरून ३ टन घ्या. मोठी थंडी पडली की खाणीतलं मीठ आधी महामार्गांना जातं आणि तुमची ऑर्डर रांगेत मागे उभी राहते. म्हणून खरेदी हंगामाआधी, हवा कोरडी असताना करा. पावसात उतरवलेलं मीठ पहिल्याच दिवशी खराब व्हायला लागतं.

सुटं घ्यायचं की बॅगांत? ३ टनांसाठी मी डोळे मिटून बॅगा म्हणेन. २५ किलोच्या ४० बॅगा म्हणजे एक टन, एका पॅलेटवर, म्हणजे माल रचायच्या चौकटीवर, बसतात. तीन पॅलेट, एवढाच पसारा. सुटं मीठ स्वस्त पडतं, पण त्याला फरशी लागते, भिंती लागतात, छप्पर किंवा नीट बांधलेली ताडपत्री लागते. १५-२० टनांच्या खाली तो खटाटोप परवडत नाही, असं माझं मत आहे. बॅगांची काळजी सोपी. पॅलेट जमिनीपासून उचललेलं हवं. वरून पूर्ण प्लास्टिकची टोपी हवी, नुसतं कडेने गुंडाळलेलं नको. उन्हात ठेवू नका. बॅगेचं प्लास्टिक उन्हाने एका हंगामात ठिसूळ होतं आणि उचलताच हातात फाटतं. बॅगांना बहुधा हवा जायला टाचणीएवढी भोकं असतात, म्हणून ‘प्लास्टिकमध्ये आहे, काय होतंय’ असं समजून उघड्यावर सोडू नका. पॅलेटवर पॅलेट चढवू नका, खालच्या बॅगा दाबून घट्ट होतात. आणि जुना माल पुढे, नवा मागे. मिठाला मुदत नसते, त्यामुळे मागच्या कोपऱ्यात पाच-पाच वर्षांच्या बॅगा सापडतात. त्या खराब नसतात, फक्त त्यांच्या विटा झालेल्या असतात.

जागा निवडताना सगळ्यात आधी वजन बघा. सुट्या मिठाचं घनमीटरला साधारण १.२ टन वजन भरतं. पूर्ण पॅलेट एक-सव्वा चौरस मीटरवर १ टन भार टाकतं. पोटमाळा, वरचा मजला, लाकडी तळ, गच्ची यांवर ते ठेवायचंच नाही. सुटं असेल तर भिंतींचाही विचार करावा लागतो. ढीग टेकवायला साधी विटांची भिंत वापरली तर तो बाजूने रेटा देतो आणि भिंत हळूहळू पोट काढते. काँक्रीटचे मोठे ठोकळे किंवा त्याच कामासाठी बांधलेली भिंत हवी, नाहीतर ढीग मोकळा ठेवा. मोकळ्या ढिगाचा उतार आपोआप साधारण ३२ अंशांचा होतो. तुमचे ५ टन सुटे ओतले असते तर पावणेचार मीटर व्यासाचा आणि सव्वा मीटरला जरा कमी उंचीचा शंकू झाला असता.

दुसरं, गंज. काँक्रीटच्या आतल्या सळईवर एक पातळ संरक्षक थर असतो, तो क्लोराइडने फुटतो. मग सळई गंजते, फुगते आणि वरचं काँक्रीट उडवते. म्हणून इमारतीच्या मुख्य खांबाला, तुळईला किंवा तळघराच्या भिंतीला लागून मीठ रचू नका. एका इमारतीची देखभाल मी हातात घेतली तेव्हा मीठ जिन्याखालच्या खोलीत, विजेच्या पॅनलच्या शेजारी रचलेलं होतं. कोरडी खोली, कुलूप, दाराजवळ. ज्याने ठेवलं त्याने चांगला विचार करूनच ठेवलं होतं. पॅनलची बिजागरं तांबूस झाली होती, आतल्या तांब्याच्या पट्ट्यांवर हिरवट थर होता. मीठ उचलायला एक सकाळ लागली, पॅनल बदलायला कितीतरी जास्त. बॉयलरची खोली, लिफ्टची खोली, सायकलींचा स्टँड, अवजारांचं कपाट, सगळ्यांना हेच लागू. पत्र्याचा कंटेनर फुकट मिळाला म्हणून त्यात सुटं मीठ भरणारेही भेटतात. दोन-तीन हिवाळ्यांत तळाला भोकं पडतात.

तिसरं, खालची फरशी. ती पाणी न झिरपणारी हवी आणि आजूबाजूपेक्षा थोडी उंच हवी, म्हणजे बाहेरचं पाणी आत येणार नाही. आतून पाझरलेलं पाणी मात्र कुठे जातं ते आधीच ठरवा. मोठ्या साठ्याला ते बंद टाकीत घ्यावं लागतं. तुमच्या तीन पॅलेटना एवढं नको, पण पावसाच्या गटाराच्या जाळीपासून, विहिरीपासून आणि झाडांच्या मुळांपासून दूर ठेवा. हिशेब करून बघा. १ किलो मिठात सुमारे ६०० ग्रॅम क्लोराइड असतं. पाण्यात लिटरमागे २५० मिलिग्रॅमच्या आसपास क्लोराइड गेलं की ते खारट लागायला लागतं. म्हणजे एक किलो मीठ सुमारे २,४०० लिटर पाण्याची चव बिघडवतं, आणि क्लोराइड तिथे कुजत नाही, नाहीसं होत नाही, तसंच राहतं. फाटलेली एक बॅग विहिरीजवळ पावसात राहिली तर काय होईल ते यावरून कळेल.

ज्यांच्याकडे सुटा ढीग आहे त्यांच्यासाठी ताडपत्रीचं थोडं. लिटरभर पाणी सुमारे ३६० ग्रॅम मीठ विरघळवू शकतं. तुमच्या त्या ५ टनांच्या शंकूवर १० मिलिमीटर पाऊस झाला तर जवळजवळ १०० लिटर पाणी पडतं, म्हणजे एका सरीत जास्तीत जास्त ३५-३८ किलो मीठ वाहून जाऊ शकतं. सगळंच जात नाही, बरंचसं पाणी मीठ पूर्ण विरघळण्याआधीच खाली ओघळतं. तरी पावसाळाभर किती जाईल, विचार करा. ताडपत्री घालण्याआधी ढीग शंकूसारखा नीट ओढून घ्या. वर खळगा राहिला तर तिथे डबकं होतं आणि त्याच्या वजनाने ताडपत्री फाटते. कडा फरशीवर पुढे येऊ द्या आणि त्यावर वाळूच्या पिशव्या एकमेकींना चिकटून ठेवा. मधेमधे दगड ठेवले की वारा मधल्या फटीतून शिरतो आणि ताडपत्री रात्रभर फडफडते. जिथून मीठ काढायचं ती बाजू वाऱ्याच्या उलट दिशेला असू द्या, आणि काढून झालं की लगेच झाका. हे ‘लगेच’ कोणी करत नाही. पहाटे साडेपाचला बोटं बधिर झालेला माणूस दोरी पुन्हा बांधत नाही, त्यामुळे झाकण असं हवं की एका हाताने ओढून टाकता येईल.

दारातल्या पेट्यांना मी मुख्य साठ्याइतकंच महत्त्व देतो. साठा कितीही उत्तम असला तरी घसरण्याची जागा म्हणजे पायऱ्या, उताराचं तोंड आणि पन्हाळीचं पाणी टपकून गोठतं तो कोपरा. तिथे मीठ हाताशी नसेल तर साठा असून नसल्यासारखा. प्लास्टिकच्या किंवा फायबरच्या, तिरकं झाकण असलेल्या पेट्या घ्या. २०० लिटरच्या पेटीत साधारण २५० किलो मावतं, तुम्हाला तीन पुरतील. उताराच्या वरच्या टोकाला ठेवा, खालच्या नाही. ज्या बर्फावर मीठ टाकायचं तोच चढून मिठापर्यंत जायला लागू नये. बाहेर पडायच्या आपत्कालीन वाटेत आणि व्हीलचेअरच्या मार्गात पेटी नको. आत एक प्लास्टिकचं फावडं दोरीने बांधून ठेवा, धातूचं गंजतं. झाकणावर भरल्याची तारीख आणि ‘चौरस मीटरला एक मोठा चमचा’ असं लिहून चिकटवा. आणि झाकण बंद राहतं का ते बघत जा. कुत्र्यांनी मीठ खाल्लं तर ते त्यांच्या जिवावर बेतू शकतं, शिवाय उघड्या पेटीत कचरा आणि पाणी जातंच.

साधं मीठ सोडून दुसरं काही ठेवणार असाल तर ते वेगळं ठेवा, नाव मोठ्या अक्षरांत लिहून. १ किलो मीठ उणे १ अंशाला साधारण ४६ किलो बर्फ वितळवतं, उणे ७ ला जेमतेम साडेआठ, आणि उणे ९-१० च्या खाली त्याचा धीर सुटतो. म्हणून फार थंडीसाठी लोक कॅल्शियम क्लोराइड आणतात. ते काम जोरात करतं, पण साठवायला हट्टी. ३० टक्क्यांच्या आसपासच्या आर्द्रतेलाही ते पाणी ओढतं. उघडी राहिलेली बॅग आठवड्याभरात चिकट रबडी होते, आणि सांडलेलं पाणी सुकतच नाही, त्यामुळे गोदामाची फरशीच घसरडी होते. पाण्यात पडल्यावर ते तापतं. हातमोजे आणि चष्मा हवाच, आणि द्रावण करायचं तर पाण्यात ते थोडं थोडं घालायचं, त्याच्यावर पाणी ओतायचं नाही. घट्ट झाकणाच्या बादल्यांत, एकेक बादली संपवत वापरा. युरियाच्या बॅगाही दिसायला मिठासारख्याच असतात. तो लोखंडाला कमी त्रास देतो, पण थोड्याशा थंडीतच थकतो. ब्लीचिंग, क्लोरिनच्या गोळ्या यांच्या शेजारी त्याला ठेवू नका. वाळू बर्फ वितळवत नाही, फक्त पकड देते, आणि नुसती वाळू ओली असेल तर गोठून तिचाही दगड होतो. तिच्यात ५ टक्के मीठ मिसळलं की सुटी राहते.

राहिला तुमचा मागच्या वर्षीचा दगड. टाकून देऊ नका, त्यातलं मीठ शाबूत आहे. पण फोडायला माणूस पाठवण्याआधी एक धोका समजून घ्या. घट्ट ढीग लोक खालून पोखरतात, कारण खालचं हाताला येतं आणि वरची खपली तशीच लोंबत राहते. ती अचानक कोसळते. कमरेएवढ्या ढिगाची खपलीसुद्धा पाय मोडायला पुरेशी असते, मोठ्या साठ्यांत तर माणूस गाडला जाऊ शकतो. वरून खाली, पायऱ्या करत फोडायचं. पहारीने मोठे तुकडे सुटे करायचे, मग जाड ताडपत्रीवर घेऊन लाकडी ठोकळ्याने ठेचायचे. डोळ्याला चष्मा, हातात मोजे. १० मिलिमीटरच्या जाळीतून चाळून घ्या. मोठे खडे स्प्रेडरमध्ये अडकतात आणि पायऱ्यांवर पायाखाली गोट्यांसारखे घरंगळतात. चाळलेलं मीठ दारातल्या पेट्यांत आधी भरा, म्हणजे तेच आधी संपेल. बुडाचं चिखलमिश्रित असेल ते वाळूत मिसळा. मातकट रंगाला घाबरू नका, खाणीतलं मीठ मुळात तसंच असतं, त्यात चिकणमाती असते. जे चाळणीवर उरलं ते बादलीत पाण्याखाली ठेवून त्याचं ब्राईन, म्हणजे फवारायचं मिठाचं दाट पाणी, करता येतं. त्याचं प्रमाण वजनाने २३ टक्क्यांच्या आसपास हवं, तेव्हाच ते उणे २१ अंशांपर्यंत गोठत नाही. त्याहून पातळ झालं तर लवकर गोठतं, आणि जास्त दाट झालं तरी त्यातलं मीठ थंडीत लवकर खाली बसून नळी अडवतं. म्हणून हायड्रोमीटरने त्याची घनता मोजा. २३ टक्क्यांना ती सुमारे १.१७ दिसते.

हंगाम संपल्यावर उरलेल्या पूर्ण बॅगा मोजून लिहून ठेवा, फुटक्या बॅगांतलं पेट्यांत टाका, आणि पेट्यांच्या तळाशी पाणी साचलं असेल तर पेटी रिकामी करून वाळवा. ज्या जागी पॅलेट होते तिथली फरशी आधी कोरडी झाडून घ्या, मगच धुवा. जे झाडता येतं ते गटारात घालवायचं कारण नाही. आणि पहिल्या मोठ्या पावसात छत्री घेऊन पाच मिनिटं तिथे जाऊन उभे राहा. फरशीवरचं पाणी कोणत्या बाजूने येतं, कुठे थांबतं, ते तेव्हा दिसतं. खडूने खूण करून ठेवा, पुढच्या वर्षीचे पॅलेट त्या रेषेच्या वरच्या बाजूला लावा.